वाचकांचे प्रश्न : खताची बादली, दोडक्याच्या शिरा आणि कुंडीतला माठ

प्रश्न : ठाण्यात फ्लॅटमध्ये राहते. चार महिन्यांपूर्वी २० लिटरच्या बादलीला भोकं पाडून ओला कचरा टाकायला लागले. दोडक्याच्या शिरा, दुधीची सालं, कोथिंबिरीच्या काड्या, मुळ्याचा नि फ्लॉवरचा पाला, आणि रात्रीची उरलेली आमटी-भात. आता घाण वास येतोय, पांढरट अळ्या झाल्यात, शेजारच्या काकू रोज विचारतात. बंद करू का?

उत्तर : अजिबात बंद करू नका ताई, तुमचं खत बिघडलेलं नाहीये, ते फक्त गुदमरलंय. भाजीच्या सालांमध्ये बहुतेक पाणीच असतं, ते कुजताना सुटतं, तळाशी चिखल होतो, आत हवा जात नाही आणि मग हवेशिवाय जगणारे जिवाणू कामाला लागतात, वास त्यांचा. तुमच्या यादीत कोरडं असं काहीच नाही, सगळी गडबड तिथेच आहे.

आजच सगळं जुन्या पेपरवर ओता आणि त्यात सुका पाला चुरून मिसळा, मुठीत दाबलं की जेमतेम एखाददुसरा थेंब निघाला पाहिजे, धार लागली तर अजून पाला घाला. इथून पुढे एक वाटी ओलं टाकलं की वर दोन वाट्या कोरडं, हे चुकवायचं नाही. सुका पाला सोसायटीत झाडणाऱ्या मावशींकडे मागा, पानगळीत पोती भरून ठेवा, नाहीतर बऱ्याच ठिकाणी तो जाळूनच टाकतात. पाला नसेल तर नारळाच्या शेंड्या कापून, रसवंतीवाल्याकडचं चिपाड वाळवून किंवा रद्दी पेपर फाडून चालतो, चकचकीत कागद नको. तीन-चार दिवसांनी एकदा खालीवर करा. कोणाकडे तयार खत असेल तर मूठभर विरजणासारखं लावा.

अळ्यांना घाबरू नका, त्या बहुतेक काळ्या सोल्जर माशीच्या असतील, चावत नाहीत, कचरा भराभर खातात. औषध मात्र फवारू नका, याच खतात उद्या तुमची भाजी लागणार आहे. आमटी-भात बंद करा, तेल-मीठ आणि उंदीर दोन्ही नको.

आता मनातलं सांगते. तुमची यादी वाचून जीव कळवळला, कारण त्यातलं निम्मं ताटात जायला हवं. दोडक्याच्या शिरा बारीक चिरून थोड्या तेलात मंद आचेवर कुरकुरीत करा, तीळ, सुकं खोबरं, लसूण, मिरची, मीठ घालून भरडा, भाकरीबरोबर दोडक्याच्या भाजीआधी ही चटणी संपते. दुधीच्या सालीचीही अशीच होते. मुळ्याचा पाला मूगडाळ घालून परता, फ्लॉवरचा कोवळा पाला झुणक्यात घाला, कोथिंबिरीच्या काड्या वाटणात. चोथा, लोह, कॅल्शियम सगळं यात आहे आणि आपण पैसे देऊन आणून ते बादलीत टाकतो. सालं नीट चोळून धुवा. आणि दुधी किंवा दोडका आधी कच्चा चाखून बघा, कडू लागला तर थुंकून टाका आणि अख्खाच फेका, कडू दुधीच्या रसाने माणसं दगावली आहेत.

प्रश्न : नाशिकला गच्चीवर कुंड्या आहेत. तीन आठवड्यांचं घरचं खत मेथीला घातलं तर मेथी पिवळी पडली. असं कसं?

उत्तर : खत कच्चं होतं दादा. अर्धवट कुजलेलं मातीत गेलं की ते कुजवणारे जिवाणू मातीतलं नत्र स्वतःकडे ओढतात आणि रोपं उपाशी राहतात. आपल्याकडे बादलीतल्या खताला दोन-तीन महिने लागतातच. काळं, भुसभुशीत, साल ओळखू येत नाही आणि पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास, म्हणजे झालं. शंका असेल तर ओलसर खत पिशवीत बांधून तीन दिवस ठेवा, उघडल्यावर आंबूस वास आला तर अजून थांबा. आणि खतातून टोमॅटो-भोपळा उगवतो त्याचं वाईट वाटू देऊ नका, छोटी बादली बी मरण्याइतकी तापत नाही एवढंच.

प्रश्न : माझ्या आईचं वय ६८, हिमोग्लोबिन १० आलंय. कुंडीतला पालक रोज देतोय, पुरेल का?

उत्तर : नुसत्या पालकावर राहू नका. या वयात रक्त का कमी झालं ते आधी डॉक्टरांकडून शोधून घ्या, ते महत्त्वाचं, आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर पालेभाजी एकदम वाढवण्याआधी त्यांना विचारा. पालकातलं लोह शरीराला फार थोडं मिळतं, त्यात ऑक्झलेटही भरपूर, मुतखडा होऊन गेला असेल तर रोज नकोच. आलटूनपालटून लाल माठ, चवळई, शेवग्याचा पाला द्या, वर लिंबू पिळा म्हणजे लोह चांगलं शोषलं जातं, आणि जेवणावर लगेच चहा असेल तर तो तासभर पुढे ढकला, ही सवय मोडणं अवघड आहे हे मला माहितीये पण फरक पडतो. उसळी आहारात राहू द्या. माठाचं बी पसरट कुंडीत विरळ टाका, साधारण महिन्याभरात कापणीला येतो, मुळासकट उपटू नका, वरून खुडा, परत फुटतो. शेवग्याला मात्र कुंडी पुरणार नाही, सोसायटीच्या कोपऱ्यात पावसाच्या तोंडावर एक जाड फांदी खोचून द्या.