पेठेतली खोली पाहुण्यांना देण्याआधी

भावा, कोल्हापुरात अंबाबाईच्या देवळाजवळचं घर आहे, म्हणजे पाहुण्यांची चिंता नको. नवरात्रात आणि चैत्रात जोतिबाच्या यात्रेला खोली रिकामी राहणार नाही. पण आधी घरफाळ्याचं, म्हणजे महापालिकेच्या मालमत्ता कराचं बघ. बिलावर वापर 'निवासी' आहे आणि तू रोजच्या भाड्यानं खोल्या देतोयस, हे चालत नाही. मी दोन वर्षं हा विषय टाळला आणि मग निवासी आणि व्यावसायिक करातल्या फरकाची रक्कम एकदम भरताना घाम फुटला. महापालिकेत स्वतः जाऊन वापर बदलाचा अर्ज दे, पोचपावती जपून ठेव. फ्लॅट असेल तर सोसायटीची लेखी संमतीही घे.

जीएसटीला घाबरू नको. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणी लागत नाही, ॲपवरून आलेल्या बुकिंगचा कर ॲपवालेच भरतात. नोंदणी झालीच, तर रोजचं भाडं ७,५०० पर्यंत असलेल्या खोलीवर सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के. ॲपवाल्यांनी टीडीएस (पैसे देतानाच कापलेला प्राप्तिकर) कापला असेल, तर तो प्राप्तिकराच्या विवरणपत्रात दाखवायला विसरू नको.

पर्यटन संचालनालयाकडे घरगुती निवास म्हणून नोंदणी करून घे.

आणि पोलिसांचं काम कधीच उद्यावर ढकलू नको. प्रत्येक पाहुण्याचं ओळखपत्र बघ, वहीत नोंद कर. पन्हाळा बघायला परदेशी पाहुणे येतात, ते उतरल्यापासून २४ तासांत त्यांची माहिती देणारा 'फॉर्म ३' (पूर्वीचा 'फॉर्म सी') ऑनलाइन भरावाच लागतो. रात्री अकराला आले तरी मी झोपण्याआधी भरतो.