गोळी बंद करण्याआधी डॉक्टरांशी बोला

वहिनी, साखरेचा रिपोर्ट पाहून खचून जाऊ नका. मला मधुमेह होऊन बारा वर्षं झाली, म्हणून हक्कानं सांगते. सुरुवातीला मेटफॉर्मिन या साखरेच्या गोळीनं माझं पोट इतकं बिघडायचं की मी गुपचूप गोळ्या बंद केल्या. स्ट्रिप मसाल्याच्या डब्यामागे तशीच पडून. घरच्यांना वाटायचं, घेतेय. एचबीए१सी ही रक्ताची तपासणी केली आणि सगळं उघडं पडलं. त्यात मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर कळते. डॉक्टरांना खरं सांगितलं, तर त्यांनी हळूहळू विरघळणारी गोळी जेवणासोबत घ्यायला दिली. महिन्याभरात पोट शांत. आधीच बोलले असते तर!

म्हणून डॉक्टर असा बघा, जो तुमचं ऐकून घेतो. विश्वास बसला की गोळी चुकत नाही. खर्च झेपत नसेल तर तेही सांगा; जनऔषधी केंद्रात त्याच औषधाची जेनेरिक गोळी खूप स्वस्त मिळते.

इंदूरात राहून पोहे सुटणार नाहीत, ठाऊक आहे मला. छोटी बशी घ्या, शेव कमी, सोबत मोडाचे मूग. जिलबी मात्र नकोच. आणि इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी चालू असेल तर चतुर्थीचा उपास डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरू नका. साखर फार उतरून घाम फुटला, हात थरथरले तर लगेच तीन छोटे चमचे साखर पाण्यातून घ्या.