लेन्स गेली म्हणण्याआधी

मागच्या अंकात आपण विचारलं होतं, घरातला डीव्हीडी प्लेयर अजून चालू आहे का आणि असेल तर काय त्रास देतो. पत्रं आणि व्हॉट्सअपचे मेसेज मिळून ढीग झालाय, बहुतेक सोलापूर शहरातले, काही बार्शी, अक्कलकोट, पंढरपूरकडचे. आणि बऱ्याच पत्रांत एक वाक्य आहेच, "दुकानदार म्हणला लेन्स गेली." रंग नाही आले तरी लेन्स, आवाज नाही तरी लेन्स, ट्रे अडकला तरी लेन्सच. तेव्हा यावेळी जरा बघूच, बिचारी खरंच कधी जाते आणि कधी उगाच बदनाम होते.

प्रश्न : दादा, मुलाने दिवाळीत मोठा नवीन टीव्ही घेतला, त्याला जुना डीव्हीडी प्लेयर जोडला तर सगळं ब्लॅक अँड व्हाइट दिसतंय, आवाज एकाच बाजूने येतो आणि त्यात पण घूं घूं. जुन्या टीव्हीवर रंगीत दिसत होतं. एकाला बोलावलं तर तो न उघडताच लेन्स बदलावी लागेल म्हणाला. बदलू का?
– निवृत्त शिक्षिका, जुळे सोलापूर

उत्तर : बाई, त्याला एक रुपया देऊ नका. लेन्सचं काम डिस्क वाचायचं, रंग दाखवायचं नाही. लेन्स गेली तर स्क्रीनवर 'नो डिस्क' येतं नाहीतर चित्र अडकत अडकत जातं, चौकोन चौकोन फुटतं, पण पिक्चर व्यवस्थित चालू आहे आणि फक्त रंग नाहीत असं लेन्समुळे होत नाही. तुमचा घोळ वायरीचा आहे. प्लेयरच्या मागे बघा, एक पिवळं भोक असतं (चित्र), त्याच्याजवळ लाल-पांढरं (आवाज), आणि शेजारी अजून एक हिरवं-निळं-लाल असं त्रिकूट असतं, त्याला कंपोनंट म्हणतात. म्हणजे लाल भोकं दोन झाली, आणि निम्मे लोक आवाजाची लाल पिन चित्राच्या लालमध्ये खुपसतात, तुमची घूं घूं बहुतेक तीच आहे. आणि पिवळी पिन चुकून हिरव्यात गेली की चित्र येतं पण काळं-पांढरं, कारण हिरव्यातून फक्त उजेड-अंधाराचा सिग्नल जातो, रंग बाकीच्या दोघांतून जातात.

आता टीव्हीकडची बाजू. नव्या टीव्हीला बऱ्याचदा पिवळं भोक वेगळं नसतंच, हिरव्यालाच पिवळी कड असते, म्हणजे दोन्हीला एकच. पिवळी पिन त्यातच लावायची पण रिमोटवर सोर्स निवडताना 'एव्ही' निवडायचं, 'कंपोनंट' निवडलं की परत ब्लॅक अँड व्हाइट. काही टीव्हीला तर हेडफोनसारखं एकच बारीक भोक असतं आणि त्याची वायर टीव्हीच्या खोक्यात येते, ती खोक्यासकट माळ्यावर गेली असेल तर आधी ती शोधा, कारण बाजारातली दुसरी आणली तर आतल्या कड्यांचा क्रम वेगळा निघू शकतो आणि मग चित्राच्या पिनमधून आवाज येतो. तसं झालं तर तिन्ही पिना आलटून पालटून लावून बघा, बिघडत काही नाही. आणि टीव्हीला फक्त एचडीएमआयच असेल तर एव्ही टू एचडीएमआय कन्व्हर्टर नावाची छोटी डबी मिळते, नव्या पेठेत विचारा. फक्त घेताना दिशा बघून घ्या बाई, एचडीएमआय टू एव्ही वाली अगदी तशीच दिसते आणि उलटं काम करते, दुकानदार पण गोंधळतो.

प्रश्न : अण्णा आमच्याकडं प्रॉब्लेम असाय की व्हीसीडी मस्त चालते, गाण्याची सीडी चालते, पण डीव्हीडी टाकली की फिरते फिरते आणि नो डिस्क. आजीला तेलुगू पिक्चर लागतात, तिच्याकडं मोझर बेअरच्या डीव्हीडी पिशवीभर आहेत, त्या सगळ्या तशाच पडून. पुढच्या खोलीत माग चालू असतात, त्याचा काय संबंध असेल का?
– अशोक चौक परिसर

उत्तर : संबंध आहे, आणि तुमच्या केसमध्ये लेन्सवर संशय घ्यायला खरंच जागा आहे. प्लेयरमध्ये सीडीसाठी आणि डीव्हीडीसाठी लेसर वेगवेगळा असतो, सीडी-व्हीसीडीचा ७८० नॅनोमीटरचा, डोळ्याला जवळजवळ न दिसणारा, आणि डीव्हीडीचा ६५० चा लाल. त्यातला एक म्हातारा झाला तरी दुसरा चालू राहतो. शिवाय डीव्हीडीवरच्या रेषा सीडीच्या निम्म्याहून कमी अंतरावर असतात, त्यामुळे लेन्सवर थोडी धूळ बसली तरी व्हीसीडी कशीबशी निघून जाते आणि डीव्हीडी अडकते. मागाच्या घरात धूळ म्हणजे नुसती धूळ नाही, सुताचा तो बारीक कापूस उडत असतो, तो लेन्सवर चिकटला की फुंकर मारून निघत नाही.

तर आधी साफ करा, बदलायचं नंतर बघू. प्लग काढा, नुसतं बटण बंद नाही, प्लगच काढा आणि थोडा वेळ थांबा, कारण वायर जिथून आत येते त्या पॉवर सप्लायच्या पट्टीवरच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये बंद केल्यावर पण ३०० व्होल्टच्या आसपास करंट साठून राहू शकतो, त्या बाजूला बोट नेऊच नका. वरचं झाकण काढलं की मधोमध निळसर मण्यासारखी लेन्स दिसेल. कान साफ करायच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब, हलक्या हाताने गोल, बस. दाबायचं नाही, ती बारीक तारांवर तरंगत असते. थिनर, पेट्रोल, अत्तर असलं काही नको. चालू असताना आत वाकून लाल उजेड बघायचा नाद पण नको, डोळ्याला चांगला नाही.

एवढं करून डीव्हीडी नाहीच चालली तर मग लेन्स गेली म्हणा. पूर्ण पिकअप (लेन्स आणि लेसर असलेला अख्खा भाग) बदलतात, आपल्याकडे त्यालाच लेन्स म्हणतात, आणि तो घेताना जुना सोबत न्या कारण नंबर जुळायला लागतो. आणि नवीन बसवल्यावर पण 'नो डिस्क' आलं तर कारागिराला विचारा की त्यावरचा शॉर्टचा टाका काढला का. स्टॅटिकने, म्हणजे हाताला साठलेल्या स्थिर विजेने, लेसर जळू नये म्हणून काही पिकअपवर कंपनी दोन ठिपके कथिलाने जोडून पाठवते, ते सोडवायचं राहिलं की नवा माल पण मेलेला वाटतो आणि त्याच नादात दुसरा विकला जातो. आजीचा खजिना सांभाळा बाकी, मोझर बेअरने २००७ च्या सुमारास व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणली तेव्हा लोकांनी भाजी घेतल्यासारखे पिक्चर घेतले होते, पण कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघाली, आता तो माल नवीन येणार नाही.

प्रश्न : आमच्या लग्नाच्या (२००८) तीन डीव्हीडी आहेत. मंगलाष्टकापर्यंत छान चालतात आणि वरात आली की अडकतात, तिन्हींचं तेच, शेवट शेवट बिघडतो. दुसऱ्या डीव्हीडी मात्र नीट चालतात. घर पत्र्याचं आहे, डीव्हीडी कपाटावर फोटोच्या अल्बमसोबत होत्या. एकाने टूथपेस्ट लावायला सांगितली. फोटोग्राफरचं दुकान बंद झालं, त्याच्याकडं मास्टर पण नाही.
– कुंभारी

उत्तर : ताई, टूथपेस्ट लावू नका, हात जोडतो. आणि प्लेयरला पण हात लावू नका, दुसऱ्या डिस्क चालतायत म्हणजे तो ठीक आहे, दुखणं डिस्कचं आहे.

बाजारातल्या पिक्चरची डीव्हीडी आणि लग्नाची डीव्हीडी दिसायला सारखी पण जात वेगळी. पिक्चरची कारखान्यात ठसा मारून काढलेली असते, खालून स्वच्छ चंदेरी. लग्नाची डिस्क उलटी करून बघा, जांभळट झाक दिसेल, तिच्यात एक रंगाचा थर असतो आणि लेसरने तो रंग भाजून व्हिडिओ लिहिलेला असतो. ऊन आणि उष्णता लागून हा रंग वर्षानुवर्षं उतरत जातो. आता सोलापूरचा मे महिना, त्यात पत्र्याचं घर, त्यात कपाटाच्या वर म्हणजे पत्र्याच्या अगदी खाली, अजून काय पाहिजे. आणि डीव्हीडी वाचली जाते आतून बाहेर, मंगलाष्टकं आतल्या बाजूला आणि वरात कडेला. कडेलाच बोटं लागतात, कडेलाच हवा-धूळ आधी पोचते, म्हणून वरातीतच अडकणार.

आजच त्या खाली उतरवा आणि सारख्या लावून बघणं बंद करा. मऊ सुती कापडाने पुसा, मधून कडेकडे सरळ, गोल गोल नाही, कारण गोल ओरखडा रेषेच्या बाजूने जातो आणि सलग मोठा तुकडा खातो, आडवा असला तर प्लेयर सांभाळून घेतो. टूथपेस्टने प्लास्टिकवरचा ओरखडा थोडाफार घासला जाईलही, उतरलेला रंग कसा परत येणार?

मग कॉम्प्युटरला लावा. आतला 'व्हिडिओ टीएस' नावाचा फोल्डर जसाच्या तसा कॉपी करायचा, त्यात साधारण एकेक जीबीच्या फायली असतात, एक डिस्क म्हणजे जास्तीत जास्त ४.७ जीबी, तिन्ही मिळून साध्या पेनड्राइव्हमध्ये मावतील. फायलींची नावं बदलू नका. व्हीएलसी नावाच्या व्हिडिओ सॉफ्टवेअरमध्ये त्या चालतात, मोबाइलवर बघायला एमपी-फोर नंतर करता येतं, आधी कॉपी. पूर्ण फोल्डर एकदम जात नसेल तर एकेक फाइल घ्या, चांगल्या तरी सुटतील, आणि जी अडते त्यासाठी दुसऱ्याचा ड्राइव्ह वापरून बघा, प्रत्येक ड्राइव्हची नजर वेगळी असते, एकाला न दिसलेलं दुसऱ्याला दिसतं. नवीन लॅपटॉपला ड्राइव्ह नसतो, यूएसबीवाला बाहेरून लावायचा मिळतो.

आणि कधीकधी गंमत होते, कॉम्प्युटर जिथे हात टेकतो तिथे घरचा जुना प्लेयर थोडं अडखळून का होईना पुढे जातो. तेव्हा प्लेयरची एव्ही वायर यूएसबी कॅप्चरच्या काडीला लावून कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करायचं, जेवढी वरात तेवढाच वेळ लागेल. झालेली कॉपी दोन ठिकाणी ठेवा, एक बहिणीकडे वगैरे.

याच विषयावर अजून बऱ्याच जणांनी विचारलंय म्हणून जोडून सांगतो, पिक्चरच्या विकतच्या डीव्हीडीत मध्ये कुठेतरी एकदाच अर्धा-एक सेकंद चित्र थांबतं तो बिघाड नाही. ८.५ जीबीच्या डिस्कला दोन थर असतात, लेसर एका थरावरून दुसऱ्यावर जातो तेव्हाचा तो श्वास. आणि व्हीसीडी-सीडीच्या छापील बाजूवर बॉलपेनने लिहू नका, तिथे डेटा छपाईच्या लगेच खाली असतो, तो ओरखडला की कुणीच वाचवू शकत नाही. डीव्हीडीत तो दोन प्लास्टिकच्या मधोमध असतो, ती त्या मानाने सुरक्षित.

प्रश्न : पुतण्याने अमेरिकेहून पोरांसाठी कार्टूनच्या ओरिजिनल डीव्हीडी आणल्या, आपल्या प्लेयरवर लावल्या की चुकीचा रिजन म्हणून दाखवतं. दुकानात म्हणले... तुम्हाला माहितीच आहे काय म्हणले.
– होटगी रोड

उत्तर : माहिती आहे काका. डीव्हीडीसाठी जगाचे भाग पाडलेत, त्यांना रिजन म्हणतात, अमेरिकेचा रिजन १, आपला ५, कंपन्यांनीच वाटण्या करून ठेवल्यात. स्वस्तातले बरेच प्लेयर मुळातच सगळे रिजन चालवतात, महागडा ब्रँडेड मात्र अडून बसतो, म्हणजे जास्त पैसे दिले त्याला शिक्षा. शेजारच्याचा साधा प्लेयर आणून बघा. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हवर रिजन बदलता येतो पण फक्त पाच वेळा, शेवटी जो ठेवाल तो कायमचा, तेव्हा हौसेने बदलत बसू नका.

प्रश्न : प्लेयरला पेनड्राइव्ह लावायची सोय आहे. यूट्यूबची कीर्तनं भरून दिली तर आवाज येतो चित्र येत नाही, आणि नवीन ६४ जीबीचा पेनड्राइव्ह तर ओळखतच नाही.
– पंढरपूर

उत्तर : माउली, दोन वेगळी दुखणी आहेत. पेनड्राइव्हवर फायली मांडायच्या पद्धती वेगवेगळ्या असतात, नवीन मोठे पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये येतात, जुन्या प्लेयरला फॅट-३२ च कळतं. ३२ जीबी किंवा लहान घ्या, कॉम्प्युटरवर फॅट-३२ मध्ये फॉरमॅट करा, आतलं सगळं जाईल हे लक्षात ठेवून. चित्राचं म्हणाल तर मोबाइलचे एमपी-फोर व्हिडिओ बहुतेक एच-२६४ नावाच्या व्हिडिओ पद्धतीत असतात आणि तुमचा प्लेयर त्याच्या आधीच्या जमान्यातला, त्याला एक्सव्हिड किंवा डिव्हएक्सची एव्हीआय फाइल लागते, ती पण ७२० बाय ५७६ च्या आत. कन्व्हर्ट करून देणारा कुणी घरात असेल तर ठीक, नसेल तर नुसतं एमपी-थ्री भरा. कीर्तन ऐकायचंच असतं.

प्रश्न : ट्रे उघडत नाही, वरून एक थापड मारली की उघडतो. लै दिवस असंच चालूय. लेन्स?
– साखर पेठ

उत्तर : नाही बे. आतला रबरी बेल्ट सैल झालाय. स्वस्तातली वस्तू, त्याच मापाचा घ्या. थापड मारून मात्र खरंच लेन्स जाईल एक दिवस.

प्रश्न : पिक्चरमध्ये गाणी कानठळ्या बसतील अशी आणि डायलॉग ऐकूच येत नाहीत. सासूबाई सारखं रिमोट मागतात. एका डीव्हीडीला तर आवाजच नाही, चित्र चालू.
– विजापूर रोड

उत्तर : वहिनी, डायलॉग मधल्या स्पीकरसाठी वेगळे दिलेले असतात आणि तुमच्याकडे तो स्पीकरच नाही. सेटिंगमध्ये ऑडिओत जाऊन डाउनमिक्स (सगळे आवाज दोन स्पीकरमध्ये मिसळणं) 'स्टीरिओ' करा, नाईट मोड किंवा डायनॅमिक रेंज असं काही असेल तर ते पण चालू करा. गप्प असलेल्या डिस्कवर बहुतेक डीटीएस ट्रॅक (आवाजाचा एक वेगळा प्रकार) निवडला गेलाय, रिमोटवरचं ऑडिओचं बटण दाबत दाबत डॉल्बी येईपर्यंत जा.

प्रश्न : प्लेयर पूर्ण मेलाय, लाइट नुसता लुकलुकतो. दुरुस्तीला देऊ का भंगारवाल्याला? नवीन घ्यावा तर कोणता?
– बार्शी

उत्तर : लाइट लुकलुकतो म्हणजे पूर्ण मेला नाही, पॉवर सप्लायमधला एखादा कपॅसिटर डोक्यावर फुगला असेल. साधा कारागीर पण बदलून देतो, खर्च किरकोळ, तेवढा करून बघायला हरकत नाही. नवीन घ्यायचाच असेल तर घरात काय आहे ते आधी बघा. व्हीसीडी जास्त असतील तर ब्लू-रे प्लेयरच्या मागे लागू नका, त्यातले बरेच डीव्हीडी चालवतात पण व्हीसीडीला हातच लावत नाहीत, साधा डीव्हीडी प्लेयरच बरा. फक्त घरगुती डिस्क कॉपी करायच्या असतील तर प्लेयर नको, यूएसबी ड्राइव्हच घ्या.

आणि भंगारात देणारच असाल तर आधी झाकण उघडून आत बघा, ट्रेवर एखादी डिस्क राहिलेली असते, आणि बहुतेक तीच, जी घरभर शोधून झालेली असते.