विचारा गुरुजींना : गोठ्याची टिनं टोर्नेडोनं उडाली काय?

प्रश्न : गुरुजी, नमस्कार. मागच्या मे महिन्यात सांजच्या वक्ताला पश्चिमेकडून काळंकुट्ट आभाळ आलं अन् घडीभरात आमच्या गोठ्याची टिनं उडाली. धुऱ्यावरचे तीन कडुनिंब पडले, तिन्ही पूर्वेकडं. कुटाराचा ढीग शेजाऱ्याच्या वावरात. गावात म्हणतात मोठी वावटळ होती. पुतण्या म्हणतो टोर्नेडो होता, अमेरिकेत 2011 या एका वर्षात असे सतराशे झाले. खरं काय? अन् आपल्याकडं हे वाढणार काय?
— एक शेतकरी, आर्वी तालुका

उत्तर : भाऊ, कामाची गोष्ट तुम्ही सहज लिहून गेलात. तिन्ही झाडं एकाच दिशेला पडली. टोर्नेडो म्हणजे गडगडाटी ढगातून जमिनीपर्यंत उतरलेला वाऱ्याचा भोवरा. तो गरगर फिरत पुढं सरकतो, त्यामुळे त्याच्या वाटेच्या एका अंगाची झाडं एकीकडं पडतात, दुसऱ्या अंगाची भलतीकडं. तुमच्याकडं सगळं पूर्वेला गेलं, म्हणजे बहुधा ढगातून थंड हवेचा लोट धाडकन खाली आला. सारवलेल्या अंगणात बादली उपडी केली की पाणी जसं पसरतं, तशी ती हवा जमिनीला लागून पसरते. टिनं उडवायला तेवढी पुरते. अन् वावटळही नव्हे. वावटळ भर दुपारी, आभाळात ढगाचं बोट नसताना, तापल्या मातीतून वर उठते. पाचोळा, कागद, फार तर वाळत घातलेलं लुगडं नेते. टोर्नेडोला वर गडगडाटी ढग लागतोच.

पडलेल्या झाडांवरून वारा ओळखायची ही विद्या तेत्सुया फुजिता या जपानी शास्त्रज्ञानं मोठी केली. 1945 च्या अणुबॉम्बनंतर त्यांनी हिरोशिमा-नागासाकीची पाहणी केली होती. बॉम्ब वर हवेत फुटला, त्यामुळे खालची झाडं मध्यापासून चारी बाजूंना आडवी झालेली. पुढं ते शिकागोला गेले. एप्रिल 1974 मध्ये अमेरिकेत एका दिवसरात्रीत 148 टोर्नेडो झाले, त्याची नासधूस विमानातून पाहताना काही ठिकाणी त्यांना तीच नक्षी दिसली. तिथं टोर्नेडो नव्हताच, वरून आदळलेली हवा होती. तुमचा धुरा त्यांना दाखवला असता तर चहा संपायच्या आत निकाल दिला असता.

आता पुतण्याचं. आकडा त्यानं बरोबर सांगितला, 2011 साली सुमारे 1,700 झाले. तिकडं वर्षाला सरासरी 1,200 च्या आसपास होतात. मेक्सिकोच्या आखातावरून दमट गरम हवा येते, पश्चिमेच्या डोंगराळ भागातून कोरडी हवा येते, अन् वर उंचावर वारा वेगळ्याच दिशेनं सुसाट वाहत असतो. या ओढाताणीत आख्खा ढग फिरायला लागतो. एप्रिल ते जून हा मुख्य हंगाम.

पण भाऊ, वर्षाच्या बेरजेवरून काही कळत नाही, हे मी वर्गातही सांगत असे. 2004 साली टोर्नेडो 2011 पेक्षा जास्त होते, 1,800 च्या वर. माणसं दगावली चाळिशीच्या आत. 2018 साली अकराशेच्या वर टोर्नेडो, अन् मृत्यू दहा. 2011 मध्ये मात्र साडेपाचशेच्या वर गेले. त्यातले तीनशेहून अधिक एकट्या 27 एप्रिलला, अन् 158 मिझुरी राज्यातल्या जॉप्लिन गावात 22 मेच्या संध्याकाळी. म्हणजे बहुतेक मृत्यू दोन दिवसांतले. बाकीचं वर्ष तुलनेनं थोडक्यात गेलं. जॉप्लिनमध्ये धोक्याचा भोंगा आधी वाजला होता. नंतर चौकशीत दिसलं की बऱ्याच लोकांनी पहिल्या भोंग्याला हातचं काम सोडलं नाही, दुसरी खूण दिसायची वाट पाहिली. आपल्या लोकांना मी नावं ठेवायचो, ती त्या दिवसापासून बंद केली.

टोर्नेडोची प्रत, म्हणजे तो किती जोराचा होता हेही नुकसान पाहूनच ठरते. 2013 साली अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यात एल रेनो गावाजवळ चार किलोमीटरहून रुंद टोर्नेडो झाला. रडारवर वारा भयंकर दिसला, पण तो बहुतांशी मोकळ्या रानातून गेला, म्हणून प्रत मधलीच मिळाली. वावरात पडायला काही नसलं की वाऱ्याचा पुरावाच उरत नाही.

वाढणार काय? अमेरिकेच्या नोंदीत 1950 पासून आकडा वाढलेला दिसतो, त्यात बराच भाग रडार अन् हरेकाच्या हातात कॅमेरे आल्यानं जास्त टोर्नेडो नोंदले जाण्याचा. जोरदार टोर्नेडोंची संख्या तशी चढलेली नाही. आपल्या देशात ते होतात, पण मुख्यतः पूर्वेला. मार्च 1998 मध्ये ओडिशा-बंगालच्या सीमेवर शंभराहून अधिक माणसं गेली. 31 मार्च 2024 ला जलपायगुडीत झाला. शेजारच्या बांगलादेशात 26 एप्रिल 1989 चा तर जगातला सर्वांत जीवघेणा मानतात, सुमारे 1,300 मृत्यू. विदर्भात मे महिन्यात उष्णता अन् ओल जमते, पण वरच्या वाऱ्याचा तसा पीळ क्वचितच बसतो. आपल्याकडं येते ती गारपीट, 2014 ची आठवत असेलच, अन् वीज.

विजेची काळजी जास्त करा. पुण्याच्या हवामान संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप पुतण्याच्या मोबाईलमध्ये टाकून घ्या, तेवढा तरी उपयोग होईल त्याचा. आभाळ गडगडलं की उरलेल्या कडुनिंबाखाली थांबू नका. टिनावर नुसते दगड ठेवले असतील तर काढा, वाऱ्यात तेच डोक्यात येतात. हुकाचे नट कसून लावा, अन् कडेच्या टिनांना जास्त लावा, वारा तिथूनच शिरतो.