बर्बेरिन, कर्क्युमिन आणि प्रोबायोटिक घेऊन स्टॅटिन सोडता येईल का?

तुम्ही विचारलंय, वडिलांच्या अँजिओग्राफीत अडथळा दिसलाय आणि ‘आतडं सुधारलं की धमनीतली सूज उतरते’ असं वाचून ते स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध) सोडून बर्बेरिन (दारुहळदीतलं द्रव्य), कर्क्युमिन (हळदीतलं द्रव्य) आणि प्रोबायोटिक (उपयुक्त जिवाणूंच्या कॅप्सूल) या तीन गोष्टी सुरू करायचं म्हणताहेत, तर चालेल का. नाही चालणार. मी औषधशास्त्र शिकवतो, म्हणून जरा फोड करून सांगतो.

वडिलांनी वाचलंय ते अगदीच हवेतलं नाही. मांसातलं कार्निटिन आणि अंड्यातलं कोलीन आतड्यातल्या जिवाणूंच्या तावडीत सापडलं की त्याचं टीएमए नावाचं रसायन होतं, आणि यकृत त्याचं टीएमएओ करतं. क्लीव्हलँड क्लिनिकच्या स्टॅनली हेझन यांच्या गटाने २०११ मध्ये हा धागा पकडला. २०१३ मध्ये ४,००७ रुग्णांचा तीन वर्षांचा पाठपुरावा आला, त्यात रक्तात टीएमएओ जास्त असणाऱ्यांना हृदयविकाराचे आणि पक्षाघाताचे झटके जास्त आले होते. पण मूत्रपिंड थकलं तरी टीएमएओ वाढतं, आणि समुद्री माशांत तर ते तयारच असतं. मग हे दुखण्याचं कारण की नुसती खूण? हा वाद अजून मिटलेला नाही.

बर्बेरिनची गंमत वेगळीच. ते रक्तात जेमतेम शिरतं. आतड्यातले जिवाणू आधी त्याचं रूप बदलतात, ते रूप आतड्याच्या भिंतीत शोषलं जातं आणि तिथे त्याचं पुन्हा बर्बेरिन होतं. म्हणजे गोळी तीच, पण कोणाच्या पोटात कोणते जिवाणू नांदतात त्यावर रक्तात किती पोचणार ते ठरतं. कर्क्युमिनही शोषलं जाण्यात असंच कच्चं.

सुजेचं मात्र खरं आहे. २०१७ च्या कँटोस चाचणीत इंटरल्यूकिन-१ बीटा हा सूज वाढवणारा रेणू रोखणारं इंजेक्शन दिलं, तेव्हा एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) जागचं हललं नाही, तरी झटके कमी झाले. (जीवघेणे संसर्ग वाढले, ही त्याची दुसरी बाजू.) २०२० मध्ये ५,५२२ हृदयरुग्णांवर कोल्चिसिन हे सूज उतरवणारं औषध तपासलं गेलं. रोज अर्धा मिलिग्रॅम, आणि झटका, पक्षाघात, हृदयविकाराने मृत्यू किंवा हृदयाचा रक्तपुरवठा कमी पडून अडथळा काढावा लागणं, हे सगळं मिळून ३१ टक्क्यांनी घटलं. कोल्चिसिन मूळचं एका कंदातलं, म्हणजे पक्कं ‘नैसर्गिक’. मात्रा थोडी चुकली तर जीव घेणारं! शिवाय त्या रुग्णांपैकी बहुतेकांचं स्टॅटिन चालूच होतं.

कॅप्सूलचंही ऐका. २०२२ मध्ये १९० जणांवर २८ दिवस तुलना झाली. रोसुव्हास्टॅटिन या स्टॅटिनच्या ५ मिलिग्रॅमने एलडीएल सुमारे ३८ टक्के उतरलं. हळद, लसूण, दालचिनी, मासळीचं तेल, लाल यीस्ट तांदूळ (बुरशीने आंबवलेला तांदूळ), यांपैकी एकही खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही.

त्या लाल यीस्ट तांदळावरून आठवलं. एका परिचितांनी मांड्या दुखतात म्हणून स्टॅटिन सोडलं आणि याच्या कॅप्सूल सुरू केल्या. महिन्याभराने पुन्हा मांड्या दुखतात म्हणाले. मी बाटली मागवून घेतली. मागच्या बाजूला, चष्म्याशिवाय दिसणार नाही अशा अक्षरांत लिहिलं होतं, ‘मोनॅकोलिन के’. म्हणजे लोव्हास्टॅटिन हे स्टॅटिनच की! रेणू अगदी तोच.

तेव्हा वडिलांना बर्बेरिन घ्यायचंच असेल, तर बाटली हृदयरोगतज्ज्ञांसमोर ठेवा. ज्या एन्झाइमने यकृत काही स्टॅटिनांचा निचरा करतं, त्यालाच बर्बेरिन अडवतं, म्हणजे ते स्टॅटिन रक्तात साठू शकतं.