वेढा उठव म्हणाली नाही

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं, सोबतचा राजीनामाही. भाषा झकास आहे, पण आठवडाभर तरी खिशातच ठेव. नदीपलीकडच्या वस्तीला धान्य जात नाही म्हणून तुझा जीव तुटतोय, हे कळलं. 'साहेब ऐकतच नाहीत' असं पाच वेळा लिहिलंयस. तू नेमकं काय मागितलंस, ते मात्र एकदाही नाही.

कॅरिबियन बेटांमधल्या हैतीच्या मारी-क्लेअरबद्दल तुला सांगायचं राहूनच गेलं. जन्म १७५८, गाव लेओगान. १८०० च्या सुरुवातीला तिथले दोन सेनानी, तुसाँ लुव्हेर्त्यूर आणि रिगो, यांच्यात यादवी पेटली होती. तुसाँचा सेनापती देसालिन दक्षिण किनाऱ्यावरच्या, रिगोच्या ताब्यातल्या जाकमेल बंदराला वेढा घालून बसला होता आणि आत लोक उपासमारीने मरत होते. बाई सरळ देसालिनकडे गेली. वेढा उठव म्हणाली नाही. हुकूम वरून आलेला, तो त्याने मोडला नसताच. तिने मागितलं एवढंच, की काही रस्ते थोडा वेळ मोकळे सोड. मग अन्न, कपडे, औषधं घेऊन बायकापोरांचा तांडा शहरात शिरला आणि भर रस्त्यात चुली पेटल्या.

लढाई न हरता ज्याला हो म्हणता येईल, असं काहीतरी तिने मागितलं. (तुझ्या वयात मी साहेबांना नऊ पानी निवेदन दिलं होतं. पुढे त्यावर चहाचा कप ठेवलेला दिसला.)

पुढे तिने देसालिनशीच लग्न केलं. १८०२ मध्ये तो गोऱ्यांच्या जिवावर उठला, तेव्हा देकुर्तिझ नावाच्या फ्रेंच निसर्ग अभ्यासकाला तिने आपल्या पलंगाखाली दडवलं. तिथे विचारून उपयोग नव्हता, म्हणून विचारलंच नाही.

१८०४ मध्ये देश फ्रान्सपासून स्वतंत्र झाला, देसालिन सम्राट आणि ती सम्राज्ञी झाली आणि त्याच वर्षी नवऱ्याने फ्रेंचांची कत्तल करवली. काहींना तिने वाचवलं, पण कत्तल काही थांबली नाही. तरी ती त्याला सोडून गेली नाही. बरोबर केलं का? मी इथे दर वेळी अडते. १८०६ मध्ये देसालिनचा खून झाला. ती १८५८ मध्ये गोनाईवला वारली, शंभरीची होऊन.

तर उद्या साहेबांकडे जाताना एकच कागद ने. किती टेम्पो, कुठला रस्ता, किती वाजेपर्यंत. जायच्या आधी मला फोनवर वाचून दाखव.

तुझी,
मावशी