वाऱ्याने कललेली झाडे आणि चेनसॉ: शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरे

गेल्या पंधरा दिवसांतल्या वादळी पावसानंतर झुकलेल्या झाडांबद्दल बऱ्याच शेतकऱ्यांनी विचारणा केली आहे. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर आमच्या दापोली-मंडणगड भागात वाडीवाडीत चेनसॉ, म्हणजे इंजिनवर चालणारी साखळीची करवत, आली. त्याआधी कुऱ्हाडीने जे झाड पाडायला अर्धा दिवस लागायचा, ते आता पाच मिनिटांत आडवे होते. धोका या वेगातच आहे. कुऱ्हाडीखाली झाड हळूहळू बोलते, कुरकुरते आणि माणसाला बाजूला व्हायला वेळ देते. मशीनच्या आवाजात ती कुरकुर ऐकूच येत नाही.

प्रश्न: बांधावरची ऑस्ट्रेलियन बाभूळ वाऱ्याने मोकळ्या वरकस जमिनीकडे झुकली आहे. बुंध्याचा घेर चार फूट. घरी 18 इंची पानाची (म्हणजे साखळी फिरते त्या पात्याची) चेनसॉ आहे. मागून सरळ काप देऊन पाडली तर चालेल का?

नाही. कृपा करून मागून सरळ काप देऊ नका.

झुकलेल्या झाडाचे खोड ताणलेल्या धनुष्यासारखे असते. कलाच्या उलट बाजूचे लाकूड ओढ खात असते, कलाच्या बाजूचे दाबले गेलेले असते. मागून कापत निघालात की अर्धे लाकूड कापून होण्याआधीच शेंड्याचे वजन झाडाला ओढते आणि उरलेले खोड उभे चिरत वर जाते. चिरलेला मागचा भाग उसळून नेमका कापणाऱ्याच्या छाती-तोंडाच्या उंचीवर येतो. ऑस्ट्रेलियन बाभळीचे लाकूड ठिसूळ, त्यामुळे तिच्याबाबत ही भीती जास्त. असे चिरलेले खोड मी जवळून पाहिले आहे. जमिनीपासून पुरुषभर उंचीपर्यंत दोन फाळ्या झाल्या होत्या आणि मशीन मधल्या फटीत अडकून राहिले होते. कापणारा गडी सेकंदभर आधी डावीकडे सरकला, म्हणून वाचला.

तुमच्या झाडाची बाजू मोकळी आहे, म्हणून ते कलाच्या दिशेनेच पाडता येईल, पण काप वेगळ्या क्रमाने द्यावे लागतील. घेर चार फूट म्हणजे जाडी साधारण 15 इंच, हे धरून सांगतो.

आधी कलाच्या बाजूला, गुडघ्याच्या खाली, तोंडाची खाच घ्या. खोली तीन इंचांच्या आसपास ठेवा, जाडीच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. खोल गेलात तर दाबाखालचे लाकूड पान चिमटून धरेल. खाचेचे तोंड चांगले उघडे ठेवा, म्हणजे झाड पडताना लवकर मिटणार नाही.

खाचेच्या मागे दीड इंच लाकूड न कापता ठेवायचे. ही झाडाची बिजागरी. दाराला जशी, तशीच ती झाडाला दिशा देते. दोन्ही टोकांना ती सारख्याच जाडीची हवी.

आता मुख्य काप. मागून आत न शिरता बाजूने, बिजागरीच्या बरेच मागे, पान खोडात खुपसायचे. सुरुवात पानाच्या टोकाच्या खालच्या भागाने करा, मशीन पूर्ण वेगात ठेवा. टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला तर पान उसळून थेट तोंडाकडे येते. टोकाने पुरेशी खोबण केल्यावरच पान सरळ करून आरपार घाला. मग सावकाश पुढे बिजागरीपर्यंत आणि नंतर मागे या, पण मागची साल फोडू नका. मागे दोन-अडीच इंचांची पट्टी ठेवायची. आता झाड पुढे बिजागरीवर आणि मागे पट्टीवर उभे आहे, मधले लाकूड मोकळे झाले आहे. पान बाहेर काढा, चेनब्रेक लावा आणि आजूबाजूला एकदा नीट पाहून घ्या. कुणी जवळ आलेले नाही याची खात्री करायला एवढी निवांत घडी पुन्हा मिळत नाही.

शेवटी बाजूला उभे राहून, हात लांब ठेवून, मधल्या कापाच्या इंचभर खालून ती मागची पट्टी कापा. झाड एकदम सुटते. त्याच क्षणी मशीनचा वेगाचा खटका सोडा आणि आधी साफ करून ठेवलेल्या वाटेने निघा. ही वाट मागे तिरकी असावी, झाडाच्या सरळ मागे कधीच नको, कारण बुंधा मागे सरकू शकतो. पंधरा-वीस फूट दूर जाईपर्यंत नजर शेंड्यावर ठेवा. शेजारच्या झाडातून तुटलेली फांदी नंतरही खाली येते.

पान खुपसण्याचा काप ज्याने कधी दिला नसेल, त्याने तो पहिल्यांदा झुकलेल्या झाडावर शिकू नये. जमिनीवर पडलेल्या ओंडक्यावर चार-पाच दिवस सराव करा, तोवर ते झाड उभे राहू द्या. तयारीच्या माणसानेही खाचेच्या वर, खोडाभोवती लोखंडी साखळी आवळून बांधली तर खोड चिरण्याची भीती कमी होते.

आणखी एक खूण हाताशी ठेवा. कापताना बाहेर पडणारा भुसा बघा. लांब, पांढरट-पिवळ्या चिरफळ्या निघत असतील तर लाकूड जिवंत आहे. भुसा काळपट, ओलसर आणि भुकटीसारखा होऊ लागला तर आत कूज आहे, बिजागरी टिकणार नाही. तिथेच थांबा, मशीन बंद करा, त्या झाडाखालून माणसे-गुरे हटवा आणि जाणत्या माणसाला बोलवा.

मशीनबद्दल थोडक्यात: हेल्मेट, तोंडावर जाळी, कानाला मफ, जाड बूट आणि चेनसॉसाठी मिळणारी खास पँट वापरा. लुंगी आणि चपला घालून कापायचे नाही, कितीही घाईचे काम असले तरी. मशीन जमिनीवर ठेवून, मागच्या मुठीत पाय दाबून सुरू करा. खांद्याच्या वर आणि शिडीवर चढून चेनसॉ चालवू नका. झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात कापणाऱ्याशिवाय कोणी नसावे. पण हाकेच्या अंतरावर एक माणूस मात्र हवाच, आणि 108 ला फोन लागेल अशी जागा त्याला आधीच ठाऊक असावी, कारण आपल्याकडे खोऱ्यांत रेंज नसते.

प्रश्न: जुना रायवळ आंबा गोठ्यावर झुकला आहे. दोर बांधून ट्रॅक्टरने उलट बाजूला ओढत पाडावा का?

याला माझे स्पष्ट नाही आहे. कलाच्या उलट दिशेने पाडायला झाडाचे सारे वजन दोरावर पेलावे लागते. दोर तुटला तर झाड गोठ्यावर येते आणि तुटलेल्या दोराचे टोक ट्रॅक्टरवाल्यावर जाते. दोराचे टोक कमरेला बांधून ओढणारे गडीही मी पाहिले आहेत, तसे तर कधीच करू नका.

पहिले काम म्हणजे गुरे आजच दुसरीकडे बांधा. मग बुंधा तपासा. जुन्या आंब्याला भिरूड लागलेली असते, तिच्या अळ्या खोड आतून पोखरतात. बुंध्याला भोके, भोकांतून भुसा किंवा चीक दिसतो का पाहा. कोयत्याची पाठ खोडावर मारून ऐका. भरीव खोड ठक् वाजते, पोकळ खोड ढोलासारखे. मुळे उचलली गेली आहेत का, कलाच्या उलट बाजूला जमिनीला भेग पडली आहे का, हेही बघा.

बुंधा भरीव आणि माती घट्ट असेल तर आंबा पाडायची गरजच नसेल. गोठ्याकडच्या जड फांद्या वरून, टप्प्याटप्प्याने, दोराने सोडत उतरवल्या की वजन कमी होते आणि झाड वाचू शकते. हे काम झाडावर चढणाऱ्या सराईत माणसाचे आहे. कापलेल्या तोंडांना बोर्डो पेस्ट लावा: 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना आणि 10 लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळे, प्लॅस्टिकच्या भांड्यांत विरघळवून मग एकत्र करा. बुंधा पोकळ असेल तर त्यावर माणूस चढवू नका. बाहेरून क्रेन किंवा हायड्रा (छोटी फिरती क्रेन) मिळेपर्यंत गोठा रिकामा ठेवणे हाच उपाय.

प्रश्न: फणस मुळासकट उन्मळून आडवा पडला आहे. मुलांना वर बसायला मजा वाटते. कापायला कुठून सुरुवात करू?

मुलांना आधी खाली उतरवा. उपटलेल्या मुळांची भिंत खोडाच्या वजनाने तोलून धरलेली असते. खोड कापले की ती सपकन पुन्हा खड्ड्यात बसू शकते, आणि खड्ड्यात कोणी असेल तर सुटका नाही. मुळांजवळ चार-पाच फूट खोड शिल्लक ठेवा, भिंतीला दोराने मागे आवळून बांधा आणि काम शेंड्याकडून सुरू करा. ओंडका दोन्ही टोकांनी टेकलेला आणि मधे अधांतरी असेल तर वरची बाजू दाबाखाली असते. वरून तिसरा हिस्सा कापा, बाकीचा खालून वर. एकच टोक अधांतरी असेल तर उलट, आधी खालून थोडा काप आणि मग वरून.

प्रश्न: नारळ विजेच्या तारेकडे झुकला आहे.

त्याला हात लावू नका. महावितरणला 1912 वर कळवा आणि प्रवाह बंद झाल्याचे त्यांच्या माणसाने सांगितल्याशिवाय झाडाखाली जाऊ नका. ओल्या झावळ्यांतूनही वीज उतरते. शिवाय नारळाच्या तंतुमय खोडावर बिजागरीचा भरवसा धरता येत नाही. तो वरून तुकड्यातुकड्याने उतरवावा लागतो.

प्रश्न: परवानगी लागते का?

आंबा, फणस, चिंच, जांभूळ, साग, ऐन, किंजळ, हिरडा, खैर यांसारखी झाडे 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचीत येतात. ती स्वतःच्या जमिनीत असली तरी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. सातबारा जोडून, झाड धोकादायक आहे असे लिहून अर्ज करा. ऑस्ट्रेलियन बाभूळ त्या अनुसूचीत नाही, पण लाकूड गाडीत भरण्यापूर्वी वाहतुकीबाबत वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्या. फळझाड वादळाने पडले असेल तर कापण्याआधी चारी बाजूंनी फोटो काढा आणि तलाठी व कृषी सहायकांना पंचनाम्यासाठी कळवा. पंचनामा होईपर्यंत फक्त वाट अडवणाऱ्या फांद्याच काढा.